देवचाराची बाटली

मी तीन वेळा तुरुंगात गेलो आणि तिन्ही वेळा दारूपायी. लपवून उपयोग नाही, कारण घाटकोपरला आमच्या चाळीत ही गोष्ट शेंबड्या पोरांनाही तोंडपाठ होती. माझं नाव सहदेव. धंद्यानं मी छापखान्यातला जुळारी. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि मजकुराची ओळ उभी करायची, हे माझं काम. नशेतसुद्धा माझी ओळ चुकत नाही, अशी मी बढाई मारत असे. ती ओळ आमचा मालक नंतर निमूटपणे दुरुस्त करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पण लिहायला बसलो आहे ते स्वतःसाठी नाही, इसिडोर मिरांडा नावाच्या एका कंपाउंडरसाठी. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. कांजूरच्या गावठाणातला हा ख्रिस्ती माणूस. उंचीनं बेताचा, पोट थोडं सुटलेलं, आणि बोलणं असं फटकळ की पहिल्या भेटीत तो कुणालाही आवडू नये. मलाही आवडला नव्हता. आज ज्याला मी माझं म्हणू शकतो, म्हणजे बायको, मुलगी, हातातलं काम, ते सगळं त्याच्यामुळे आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याची थट्टा केली तरी कुणाचा गैरसमज नको.

तुरुंगाचं नाव लिहीत नाही. जे आत जाऊन आले त्यांना ते सांगायला नको, आणि जे गेले नाहीत त्यांना कळून काय करायचंय?

तो दारूबंदीचा काळ होता. परमिट नसताना तोंडाला नुसता वास आला तरी पोलीस उचलून नेत. परमिट मोठ्या लोकांकडे, आणि आमच्या नशिबी खाडीकाठच्या भट्टीची गावठी. त्यामुळे तुरुंगात खरे चोर कमी आणि आम्ही पिणारे नि पाजणारेच जास्त. सरकारला वाटे, माणूस आत टाकला की त्याची दारू सुटली. सुटते कसली! आतल्या सुतारकामाच्या शेडमध्ये लाकडाला लावायचं स्पिरिटचं पॉलिश असे, तेसुद्धा काही बहाद्दर फडक्यातून गाळून पीत. ज्यांना तेही मिळत नसे त्यांना तिसऱ्या दिवसाला तोंड द्यावं लागे.

तिसरा दिवस म्हणजे काय, ते रोज पिणाऱ्यालाच कळतं. दारू अचानक बंद झाली की पहिल्या दिवशी माणूस नुसता चिडचिडतो. दुसऱ्या दिवशी हातापायांना कापरं भरतं, पोटात पाणी ठरत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला नाही नाही ते दिसायला लागतं. कुणाला उंदीर दिसतात, कुणाला मेलेला बाप. मला माझे खिळे दिसत. भिंतीवरून शिशाचे खिळे रांगेनं उतरत आणि माझ्या अंगावर चढत. वॉर्डर म्हणत, नाटक करतोय. पहिल्या खेपेला, १९६० साली, माझ्या डोळ्यांदेखत कुर्ल्याचा एक जण असाच ओरडायला लागला. त्याला एकट्याच्या कोठडीत बांधून ठेवलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. कागदावर ताप लिहिला असं आम्ही ऐकलं. तेव्हापासून बराकीचा नियमच होऊन बसला. कुणी कापायला लागला की त्याला चादरीखाली दडवायचं, वॉर्डरला पत्ता लागू द्यायचा नाही.

दडवून पुढे काय? तर गाऱ्हाणं.

बराकीत निम्मे आम्ही कोकणातले, आणि आमच्यात एक धोंडू होता. हा कुडाळकडचा. ट्रॉम्बेच्या खाडीकडून सायकलच्या ट्यूबांत दारू भरून चेंबूरला पोचवायचा आणि वरचेवर पकडला जायचा. स्वतः मात्र थेंब घेत नसे. विकायच्या मालाला आपण तोंड लावायचं नाही, हे त्याचं तत्त्व. गावात त्याच्या घराण्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान होता आणि तो मान त्यानं तुरुंगातही सोडला नव्हता. कापणाऱ्या माणसाला धोंडूच्या मते 'बाहेरचं' लागलेलं असे, याच बराकीत कधीकाळी फास घेतलेल्या कुणाचं तरी. पहिल्या खेपेला माझी पाळी आली तेव्हा मला मध्ये बसवून, हात जोडून, दबक्या आवाजात त्यानं सुरू केलं:

"बा देवचारा, राखणदारा, ह्यो तुझो सहदेव आज चार भितींच्या आत पडलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाकीचे कुजबुजले.

"तेच्या अंगात जा काय शिरला आसा, ता भायर काढ. तो सुटान इलो काय तुका एक बाटली आणि एक कोंबो देतलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवचार म्हणजे आमच्याकडचा वेशीवरचा, रानातला राखणदार. चांगल्याला चांगला, पण दिलेला शब्द मोडला तर घरादाराच्या मागे लागतो. त्याला दूधसाखर चालत नाही. त्याला विडी लागते, कोंबडा लागतो आणि बाटली लागते.

आता गंमत बघा. अशा दुखण्यातून माणूस जगला तर पाचव्या-सहाव्या दिवशी आपोआपच शुद्धीवर येतो. मीही आलो. श्रेय अर्थातच देवचाराला. तीन महिन्यांनी सुटलो तो आधी नवस फेडायला. घाटकोपरच्या टेकडीवर एका जुन्या वडाखाली आमच्या कोकणी मंडळींनी राखणदाराचा दगड मांडला होता. चाळीतले सात-आठ जण मोठ्या भक्तीनं बरोबर आले. बाटलीतले चार थेंब दगडावर आणि बाकीचा प्रसाद. देवचाराचा प्रसाद नाकारायचा नसतो. मी नाकारला नाही. त्याच आठवड्यात मी अड्ड्यावर होतो आणि चार महिन्यांत परत आत.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. कापरं, गाऱ्हाणं, सुटका, टेकडी, प्रसाद, तुरुंग. दारूच्या दुखण्यातून सुटावं म्हणून आम्ही दारूच कबूल करत होतो, आणि बराकीतल्या चाळीस शहाण्यांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही.

तिसऱ्यांदा आत गेलो तो १९६३ च्या मे महिन्यात. तेव्हा तुरुंगाच्या दवाखान्यात नवा कंपाउंडर बदलून आला होता. डॉक्टर सकाळी तासभर येऊन जात, बाकीचा दिवस राज्य याचं. नव्या कैद्यांची त्यानं रांग लावली आणि दारातच प्रत्येकाच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला दिला.

"टेबलापर्यंत आण. सांडायचं नाय."

दहा पावलं असतील. माझं निम्मं पाणी वाटेतच गेलं. त्यानं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं?"

"कसली?"

"लग्नाला किती झाली ते नाय विचारत मी. पितोस किती वर्षं?"

"आठ."

"शेवटची कधी?"

"काल संध्याकाळी."

टेबलामागे एक शाळकरी पाटी टांगलेली होती. तिच्यावर त्यानं खडूनं माझं नाव लिहिलं आणि पुढे परवाचा वार. मग वही काढली. "बायकोचं नाव? पोरं किती? राहतोस कुठे?" मी सांगितलं, बायको रत्नप्रभा, मुलगी एकच, उत्तरा, सहा वर्षांची, आणि आम्ही घाटकोपरला. त्यानं सगळं नीट लिहून घेतलं. मला राग आला. म्हटलं, "साहेब, औषध देणार की सोयरीक जमवणार?"

"परवा लागेल," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

परवा उजाडला आणि हा स्वतः बराकीत हजर. मला चादरीखाली दडवायला धोंडूला सवडच मिळाली नाही. वॉर्डर नेहमीचं बोलला, नाटक आहे म्हणून. इसिडोर त्याला म्हणाला, "असेल. पण मेला तर मी कागदावर ताप लिहिणार नाय. तू सही करशील?" वॉर्डर बाजूला झाला.

पुढचे दोन दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. उग्र वासाचं झोपेचं औषध. दंडात सुया. लिंबाच्या पाण्यात मीठ-साखर घालून ते तो चमच्याचमच्यानं पाजायचा, आणि ते ओकून काढलं की शिवी घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. खिळे उतरायला लागले तेव्हा मी ओरडलो. त्यानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तुझ्या मुलीचं नाव काय?"

मला आठवेना. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. खिळ्यांची वाटली नाही, त्या कुर्लेकराच्या मरणाची वाटली नाही, पण मुलीचं नाव डोक्यात नव्हतं तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो.

"उत्तरा," तो म्हणाला. "सहा वर्षांची. बायको रत्नप्रभा. घाटकोपरला राहतोस. म्हण." मी म्हटलं. दहा मिनिटांत पुन्हा विसरलो, त्यानं पुन्हा सांगितलं. वहीत लिहून घेतलं होतं ते यासाठी. त्या दोन दिवसांत माझं घर माझ्याजवळ नव्हतं, ते त्याच्या वहीत होतं, आणि त्यानं ते मला शंभर वेळा तरी परत दिलं असेल.

दवाखान्याच्या खिडकीबाहेर धोंडू झाडू मारायचं निमित्त करून यायचा आणि तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालायचा. इसिडोरला ते ऐकू जात होतं. त्यानं त्याला हाकललं नाही.

सहाव्या दिवशी मी उठून बसलो. खिडकीतून धोंडू म्हणाला, "बघ, देवचारान राखल्यान!" मी हात जोडून इसिडोरला म्हणालो, "साहेब, तुमचे आणि देवचाराचे फार उपकार."

"अर्धे-अर्धे का?" तो म्हणाला. "बरं. मला चालेल."

शिक्षा नऊ महिन्यांची होती. बरा झाल्यावर त्यानं मला दवाखान्यातच कामाला मागून घेतलं. तेव्हा पातळ औषधाच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदी पट्टी चिकटवत. ते कातरणं माझ्याकडे आलं. आधी माझ्या पट्ट्या उंदरानं कुरतडल्यासारख्या होत. महिन्याभरात हात असा बसला की डॉक्टरांनीही विचारलं, पट्ट्या आता बाहेरून आणता काय? इसिडोर म्हणाला, "हो, घाटकोपरहून." त्या दिवशी माझी छाती किती फुगली ते सांगत नाही, हसाल.

तिसऱ्या दिवसाची पाटी चालूच होती. त्या नऊ महिन्यांत त्या पाटीवर सत्तरेक नावं तरी चढली, आणि आता पेल्यावर मी लक्ष ठेवत असे. सगळे जगले असं लिहायला आवडलं असतं. दोघं गेले. दोन्ही वेळा इसिडोर त्या दिवशी जेवला नाही आणि दोन्ही वेळा कागदावर खरं कारण लिहून त्यानं वरच्यांची बोलणी खाल्ली.

सुटकेला तीन आठवडे राहिले तेव्हा रत्नप्रभा भेटायला आली. जाळीपलीकडे उभी राहून तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की मालक मला कामावर परत घ्यायला तयार आहे, पण शेवटचं. "आणि माझंही शेवटचं. या वेळी प्यायलात तर उत्तराला घेऊन मी गावाला जाईन. मग बोलवायला येऊ नका." दुसरी गोष्ट नवसाची. धोंडूच्या बायकोकडून तिला गाऱ्हाण्याचं कळलं होतं. "उत्तरा महिन्यातून दोनदा तापानं पडते. आल्याबरोबर आधी देवचाराचं देऊन टाका. त्यात हयगय नको."

ती गेली आणि मी कोंडीत सापडलो. नवस फेडला नाही तर मुलीवर येणार. फेडायला टेकडीवर गेलो तर प्रसाद. प्रसाद घेतला की मी संपलो, हे नऊ महिने कोरडं राहिल्यावर मला पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होतं. मी इसिडोरला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ख्रिस्ती माणूस, शिकलेला, हसून म्हणेल की देवचार वगैरे काही नसतं. मग मी त्याच्याशी भांडलो असतो आणि टेकडीवर गेलो असतो.

तो हसला नाही. "शब्द दिलास ना? मग द्यावं लागेल. आमच्यातसुद्धा म्हातारे पेला उचलला की आधी थोडी मेलेल्यांसाठी जमिनीवर ओततात." मग बोटं मोडत त्यानं विचारलं, "मागच्या दोन्ही वेळा बाटलीतलं देवचारानं किती घेतलं?"

"चार थेंब."

"आणि तुम्ही?"

"बाकीची सगळी."

"या वेळी ते सात-आठ भक्त नकोत. बाटली मी आणतो. मीच ओतीन. तू हात लावायचा नाय."

दारूबंदीत सरकारी नोकर, तोही तुरुंगाचा, बाटली घेऊन रस्त्यानं चालताना सापडला तर नोकरी जाणार आणि मुक्काम माझ्याच बराकीत पडणार. मी हे म्हटलं. तो म्हणाला, "मग मला आत आणलं की माझ्याही हातात पेला द्यायला सांग." विषय संपला.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण ते साधं आहे. त्यानंतर मी प्यालो नाही. एकदाही नाही. छापखान्यात मला पुढे सगळ्या जुळाऱ्यांवर नेमलं. उत्तरा मॅट्रिक झाली, पुढे नर्सिंग शिकली, आणि यात माझा हात होता असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. इसिडोर आणखी सात वर्षं त्या दवाखान्यात होता. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला गावठीची परवान्याची दुकानं उघड झाली, तेव्हा तो निवृत्त होऊन कांजूरला ओटीवर बसलेला असे, आणि सुटलेली माणसं त्याचा पत्ता विचारत तिथे येत. त्याच्या मयतालाही आली. त्यांच्यात मयतानंतर आलेल्यांना दारूचा एकेक पेला देण्याची रीत आहे. त्याच्या बायकोनं, हिल्डावहिनींनी, सगळ्यांना बिनदुधाची कॉफी दिली. गाववाले कुरकुरले. आम्ही मागे उभे असलेल्यांनी दोन-दोन कप घेतले.

आता टेकडीचं सांगतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी सुटलो. रत्नप्रभा फाटकावर उत्तराला घेऊन उभी होती. घरी नेलं, कढत पाण्यानं आंघोळ घातली, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर मी विडी आणायला खाली जायला निघालो तर ती उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "हवी ती मी आणते." तिचं काही चुकत नव्हतं. सबंध चाळीत मला एकट्याला कोपऱ्यापर्यंत सोडील असं एक माणूस नव्हतं.

तीन वाजता इसिडोर आला. एका हातात कापडी पिशवी, तिच्यातून कोंबड्याची मान बाहेर. हिल्डावहिनींच्या खुराड्यातला तो, कशासाठी नेतोय हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. "वहिनी, दिवेलागणीच्या आत हा परत येईल," तो म्हणाला. रत्नप्रभानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि देवाजवळचा नारळ त्याच्या हातात दिला. मला नाही दिला.

वडाखाली कुणी नव्हतं. त्यानं कागद सोडला आणि मला हसू फुटलं. औषधाची बाटली! सहा डोसांची पट्टी चिकटवलेली, मीच कातरलेली. आत पाण्यासारखी स्वच्छ गावठी, त्याच्या गावातल्या कुणा म्हातारीकडून मागून आणलेली. "कोणी विचारलं तर खोकल्याचं," तो म्हणाला. देवचाराला खोकला झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"तुझं ते म्हण," तो म्हणाला. मी नारळ फोडला, विडी ठेवली, कोंबडा दगडापुढे सोडला आणि गाऱ्हाणं घालायला लागलो. पहिलं वाक्य म्हणून थांबलो. गाऱ्हाण्याला साथ लागते, एकट्यानं ते होत नाही. इसिडोरला ते खिडकीतून ऐकून ठाऊक होतं. त्यानं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मी शेवटापर्यंत म्हटलं आणि तो प्रत्येक वेळी म्हणत राहिला.

मग त्यानं बूच काढलं.

तो वास! नऊ महिन्यांनी तो वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, मानेवर काटा आला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्यानं बाटली पुढे केली असती तर मुलगी, बायको, देवचार, सगळं मी विसरलो असतो. इसिडोर दगडावर वाकला आणि ओतायला लागला. पहिला डोस, दुसरा, तिसरा.

"सगळी?" माझ्या तोंडून गेलं.

"बाटली कबूल केलीस ना? मग बाटली दे. चार थेंब देऊन बाकीची आपण पिणं, याला आमच्यात चोरी म्हणतात."

सहावा डोस संपला. बाटली उलटी करून त्यानं शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली. दगड भिजला, माती भिजली, वारा आला आणि वास टेकडीखाली गेला. मला एकदम हलकं वाटलं. देणं संपलं होतं आणि मी कोरडा होतो. मी वळून त्याचे पाय धरणार, तर तो उठेचना.

तो उकिडवा बसून उजव्या हाताची बोटं मातीत घासत होता. बोटांवर ओघळ आला होता तेवढाच. तो घासत होता, बोटं नाकाकडे नेत होता, पुन्हा घासत होता. त्याचा चेहरा मी ओळखला. असा चेहरा मी सत्तर वेळा पेल्यामागे पाहिला होता.

"साहेब?" मी म्हटलं.

"दहा वर्षं झाली," तो म्हणाला. चेंबूरच्या एका दवाखान्यात तो कामाला होता तेव्हा तिथलं स्पिरिट घातलेलं टिंक्चर प्यायचा. नोकरी गेली. घरी तिसऱ्या दिवशी भावांनी त्याला खाटेला बांधलं, आणि हिल्डा उशाशी बसून तीन दिवस पोरांची नावं सांगत राहिली, व्हिक्टर, एमिलिया, व्हिक्टर, एमिलिया. पुढे फादरांच्या शब्दावर सरकारी कंपाउंडर झाला. इतक्या वर्षांत बाटली अशी हातात धरली नव्हती. "मला वाटलं, जमेल."

एवढ्या माणसांना धरून ठेवणारा हा माणूस, आणि माझ्या नवसासाठी त्यानं स्वतःला कुठे आणून उभं केलं होतं! मला त्याचा राग आला, खरंच आला. हे सांगायला नको होतं आधी? पण आधी सांगितलं असतं तर मी त्याला येऊ दिलं नसतं, हेही त्याला ठाऊक होतं.

त्यानं हात पुढे केला. आजवर माझ्याशी तो बाजारातल्या मराठीत बोलायचा. त्या वेळी पहिल्यांदा घरातल्या बोलीत बोलला. "सहदेव, मना घरी सोड. एकटा गेलो तर पोचणार नाय."

मी त्याचा हात दंडाशी धरला आणि आम्ही टेकडी उतरलो. तेव्हा कांजूरला स्टेशन नव्हतं. बससाठी थांबलो नाही, कारण स्टॉपमागच्या बोळात काय मिळतं ते दोघांनाही माहीत होतं. आग्रा रोडनं चालत सुटलो. विक्रोळीच्या अलीकडे एका झोपडीपुढे सायकली उभ्या होत्या, आत माणसं जमिनीवर बसली होती. दोघांचेही पाय तिथे हळू झाले. मी म्हटलं, "व्हिक्टर, एमिलिया." तो म्हणाला, "उत्तरा." आणि आम्ही पुढे गेलो. पुढे रूळ ओलांडले, मिठागरांच्या कडेनं गावठाणात शिरलो. त्या तासा-दीड तासात मला स्वतःची तहान एकदाही आठवली नाही. त्याचा दंड माझ्या हातात होता आणि तो सुटता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यानं माझा जीव वाचवला त्याचे उपकार आहेतच. पण सकाळी तुरुंगातून सुटलेल्या दारुड्याच्या हातात त्यानं स्वतःचा जीव दिला, त्या उपकारांना मला अजून शब्द सापडलेला नाही.

घराच्या पायरीशी त्यानं हाक मारली. हिल्डावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याचा हात उचलून बोटांचा वास घेतला, मग तोंडाचा घेतला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू कोण रे बाबा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "यांना घरी सोडायला आलोय."